आर्तुरो बारिओस: ५२ फेऱ्या आणि ३०१ मीटर

धावपट्टी (धागाकर्ता)

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या चर्चेत केनिया-इथिओपियाची गाडी सुटली की ती मेक्सिकोच्या स्टेशनावर थांबतच नाही. म्हणून हा धागा फक्त आर्तुरो बारिओससाठी.

आधी थोडक्यात कुंडली. जन्म १२ डिसेंबर १९६२, मेक्सिको सिटी. अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकला, मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डरला राहून सराव केला. १९८६ मध्ये फिनिक्सला रस्त्यावरचे १० किलोमीटर २७:४१ मध्ये, तेव्हाची जगातली सर्वोत्तम वेळ. १९८७ (इंडियानापोलिस) आणि १९९१ (हवाना) अशा लागोपाठ दोन पॅन अमेरिकन स्पर्धांत ५००० मीटरचं सुवर्ण. १८ ऑगस्ट १९८९ ला पश्चिम बर्लिनमध्ये १०,००० मीटरचा विश्वविक्रम, २७:०८.२३. ३० मार्च १९९१ ला फ्रान्समधल्या ला फ्लेश गावी एका तासात २१,१०१ मीटर, आणि त्याच धावेत २०,००० मीटर ५६:५५.६ मध्ये. म्हणजे एका दिवसात दोन विश्वविक्रम. साओ पावलोची सां सिल्व्हेस्त्रे शर्यत १९९० आणि १९९१ ला जिंकली.

आता दुसरी बाजू. १९८७ च्या रोम जागतिक स्पर्धेत १०,००० ला चौथा, १९८८ सेऊल ऑलिंपिकला पाचवा, १९९२ बार्सिलोनाला पुन्हा पाचवा. जागतिक किंवा ऑलिंपिक पदक एकही नाही.

माझं मत असं की या माणसाची कारकीर्द पदकांच्या तक्त्यावर वाचली तर चुकीची वाचली जाते. ती फेऱ्यांच्या वेळांवर वाचावी लागते. जाणकारांनी आकड्यांसकट भर घालावी. नुसते 'ग्रेट रनर होता' छाप प्रतिसाद नकोत.

---

घड्याळजी

बर्लिनपासून सुरू करू.

२७:०८.२३ म्हणजे १६२८.२३ सेकंद. ४०० मीटरच्या २५ फेऱ्यांनी भागा: फेरीला ६५.१३. किलोमीटरला २:४२.८. आधीचा विक्रम पोर्तुगालच्या फर्नांदो मामेदेचा होता, २७:१३.८१, १९८४ मध्ये स्टॉकहोमला केलेला. बारिओसने ५.५८ सेकंद काढले. दर फेरीमागे हिशेब केला तर जेमतेम २२ शतांश. पाच वर्षं कोणाला न जमलेली गोष्ट फेरीला पाव सेकंदाहून कमी फरकाने झाली. १०,००० चा विक्रम असाच मोडतो. एखाद्या फेरीत मुसंडी मारून नाही, तर पंचवीसही फेऱ्या त्याच वेगाच्या आसपास ठेवून.

तो विक्रम टिकला जवळजवळ चार वर्षं. ५ जुलै १९९३ ला रिचर्ड चेलिमोने स्टॉकहोमला २७:०७.९१ केलं, म्हणजे फक्त ३२ शतांश कमी. आणि पाचच दिवसांनी ऑस्लोला योबेस ओंडिएकीने २६:५८.३८! २७ मिनिटांची भिंत पडली आणि बारिओसचं नाव एका आठवड्यात 'मागच्या पिढीत' गेलं. चेलिमोची अवस्था त्याहून वाईट, त्याचा विक्रम पाच दिवसांचा.

---

किक_कुठाय

सगळं मान्य, पण शेवटच्या फेरीत वेग नाही म्हणजे नाही. रोम, सेऊल, बार्सिलोना, तिन्ही ठिकाणी तेच. सेऊलला ब्राहिम बुतायेबने २७:२१.४६ मध्ये जिंकलं, साल्वातोरे अँटिबो २७:२३.५५, किमेली २७:२५.१६. बारिओस २७:३९.३२. पहिल्यापासून १८ सेकंद मागे, पदकापासून १४. फेरीच्या भाषेत पदकापासून ८० मीटरहून जास्त. ही किक (शेवटच्या फेरीतला झपाटा) हुकल्याची गोष्ट नाही, हा शर्यतीतून सुटलेला माणूस आहे. विक्रमवीर आणि विजेता ही दोन वेगळी कामं आहेत.

---

कर्बलगत

@किक_कुठाय, तुमचेच आकडे तुमच्या विरोधात जातायत. ८० मीटरचा फरक शेवटच्या फेरीत पडत नाही, तो मधल्या किलोमीटरांत पडतो. सेऊलच्या शर्यतीचा वेग सुरुवातीपासून जबरदस्त आणि वरखाली होणारा होता. सरळ रेषेत पळणाऱ्याला तेच बाधतं.

जरा उलगडून. समान वेगाने पळणारा धावपटू लॅक्टेटच्या उंबरठ्याच्या (ज्या वेगापुढे थकवा झपाट्याने साचतो त्या पातळीच्या) किंचित वर राहून २७ मिनिटं काढतो. मध्येच कोणी ६२ ची फेरी टाकली की त्याच्यापुढे दोनच वाटा. सोबत जायचं, तर पुढच्या चार-पाच फेऱ्या त्याची किंमत मोजायची. न जायचं, तर १५ मीटरची फट पडते आणि पेसर नसलेल्या शर्यतीत ती एकट्याने बुजवावी लागते. बर्लिनसारख्या मीटमध्ये पेसर ठरलेले असतात, ठरल्या वेगाने नेतात आणि बाजूला होतात. चॅम्पियनशिपमध्ये असं कोणी नसतं, उलट समोरचा मुद्दाम वेग मोडतो.

तेव्हा त्याच्यात कमी होती ती वेग बदलण्याची ताकद. शेवटच्या २०० मीटरची ताकद नव्हे.

---

किक_कुठाय

हे म्हणजे शब्दांचा खेळ झाला. शेवटचे २०० पळायला मिळालेच नाहीत, मग ताकद होती हे कशावरून?

---

कर्बलगत

ला फ्लेशवरून. घड्याळजी, तुम्हीच मांडा, तुमचा प्रांत आहे.

---

घड्याळजी

मांडतो. वही-पेन घ्या, हे सगळं स्वतः तपासता येतं.

एका तासात २१,१०१ मीटर. ३६०० सेकंदांत इतकं अंतर एकसारख्या वेगाने कापायचं तर ४०० मीटरची फेरी ६८.२४ सेकंदांत हवी. टप्पे असे पडतात: ५ किमीला १४:१३, १० किमीला २८:२६, १५ किमीला ४२:३९, २० किमीला ५६:५२.२.

प्रत्यक्षात २०,००० मीटरला त्याची वेळ ५६:५५.६. म्हणजे त्या सरासरीपेक्षा ३.४ सेकंद मागे. तोपर्यंतच्या ५० फेऱ्यांची सरासरी ६८.३१.

आता उरले १८४.४ सेकंद. तेवढ्यात तो १,१०१ मीटर गेला. फेरीला ६७.० सेकंद. पन्नास फेऱ्यांनंतर, तीन मिनिटं, आधीच्यापेक्षा फेरीला १.३ सेकंद वेगाने!

आणि गंमत पुढे आहे. २० किमीपर्यंतचाच वेग त्याने तसाच ठेवला असता तर तासाला अंतर भरलं असतं साधारण २१,०८० मीटर. विक्रम तरीही झाला असता, कारण जुना आकडा हॉलंडच्या योस हर्मन्सचा २०,९४४ होता, १९७६ पासूनचा. पण हाफ मॅरेथॉनचं अंतर आहे २१,०९७.५ मीटर. ते १७ मीटरने हुकलं असतं. शेवटच्या तीन मिनिटांत त्याने जे २१ मीटर कमावले, त्यांच्यामुळेच तो एका तासाच्या आत हाफ मॅरेथॉनचं अंतर पळणारा पहिला माणूस ठरला. किती आत? ३.५ मीटर. वेळेत ०.६ सेकंद. दोन पावलं.

किक नाही म्हणणाऱ्यांनी या १,१०१ मीटरांवर विचार करावा.

---

निवांत_टेम्पो

वाखूसा (वाचनखूण साठवली). हा हिशेब कुठल्याही चरित्रलेखापेक्षा जास्त सांगतो.

एक शंका: मग 'एका तासाच्या आतली पहिली हाफ मॅरेथॉन' म्हणून मोझेस तानुईचं नाव का घेतात?

---

घड्याळजी

कारण ती रस्त्यावरची शर्यत होती. तानुईने ३ एप्रिल १९९३ ला मिलानमध्ये ५९:४७ केलं. बारिओसच्या धावेत २१,०९७.५ मीटरवर अंतिम रेषा नव्हती. तासाच्या शर्यतीत घड्याळ ठरलेलं असतं आणि अंतर मोजलं जातं. त्यामुळे त्याच्या नावावर हाफ मॅरेथॉनची अधिकृत वेळ लागत नाही, पण अंतर तर कापलंच. दोन्ही विधानं खरी आहेत. 'रस्त्यावर' हा शब्द गाळला की भांडण सुरू होतं.

---

मोजपट्टी

तासाच्या शर्यतीचं तंत्र इथे कोणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहितो. यात अर्धी लढाई मोजमापाची असते.

ट्रॅकचे ४०० मीटर मोजतात ते आतल्या कर्बपासून (ट्रॅकच्या आतल्या उंच कडेपासून) ३० सेंटिमीटर बाहेरच्या काल्पनिक रेषेवर. कर्बवर नाही आणि लेनच्या मध्यावरही नाही. त्या रेषेपासून धावपटू एक मीटर बाहेर सरकला तर पूर्ण फेरीत ६.२८ मीटर जास्त पडतात, हे साधं २ गुणिले पाय. एका वळणाला ३.१४. हे जादा मीटर कोणी तुमच्या खात्यात जमा करत नाही.

आता घड्याळजींचे ३.५ मीटर आठवा. एक अख्खं वळण मीटरभर बाहेरून घेतलं असतं तर ते जवळजवळ सगळे गेले असते. तासाभरात मागे पडलेल्यांना ओलांडावंच लागतं. ते सरळ पट्ट्यात ओलांडायचं, वळणावर नाही, हा या शर्यतीचा पहिला धडा. वळणावर समोर कोणी आलं तर दोन सेकंद दम धरून मागे राहणं स्वस्त पडतं.

उलट चूकही होते. आतली कड वाचवायच्या नादात पाय कर्बच्या आत पडला की बाद. २०२० मध्ये ब्रुसेल्सला महिलांच्या तासाच्या शर्यतीत ब्रिजिड कोसगेई नेमकी अशीच बाद झाली, तीही शेवटपर्यंत सिफान हसनच्या बरोबरीने पळून.

शेवट असा होतो: ५९ मिनिटं पूर्ण होताच पिस्तुलाचा एक बार, इशाऱ्याचा. ६० ला दुसरा. त्या क्षणी धावपटूच्या पायाने जिथे शेवटचा स्पर्श केला तिथे त्याच्यासाठी नेमलेला पंच खूण टाकतो. प्रत्येक धावपटूला किमान एक स्वतंत्र पंच, आणि तो शेवटच्या मिनिटात धावपटूच्या आसपास असावा लागतो. मग खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं आणि वरचे सेंटिमीटर सोडून द्यायचे. २१,१०१.९ असलं तरी कागदावर २१,१०१.

बारिओसची खूण पडली ती ५२ फेऱ्या आणि ३०१ मीटरवर. हाफ मॅरेथॉनची जागा ५२ फेऱ्या २९७.५ मीटर.

२० किमीच्या वेळेबद्दलही एक गोष्ट. ५६:५५.६ मध्ये एकच दशांश दिसतो, ही हाताच्या घड्याळाची खूण. १०,००० च्या विक्रमात शतांश आहेत, कारण तिथे अंतिम रेषेवर फोटो-फिनिशचं यंत्र होतं.

---

देशावरचा

तासाच्या विक्रमाचं पुढे काय झालं तेही नोंदवून ठेवू. बारिओसचे २१,१०१ मीटर सोळा वर्षं टिकले. २७ जून २००७ ला हाइले गेब्रसेलासीने ओस्त्रावाला २१,२८५ केले आणि वाटेत २० किमी ५६:२६ मध्ये. ४ सप्टेंबर २०२० ला ब्रुसेल्सला मो फाराहने २१,३३०, त्याच शर्यतीत बशीर अब्दीने २० किमी ५६:२०.०२.

अवांतर: हर्मन्सचा विक्रम बारिओसने मोडला, बारिओसचा हाइलेने, आणि हाइलेचा मॅनेजर कोण? तोच योस हर्मन्स. वर्तुळ पुरं झालं.

---

घाटमाथा_रनर

उंचीचा मुद्दा अजून आलाच नाही. मेक्सिकन धावपटू म्हटलं की तो पहिला यायला हवा.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ७७ टक्के. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, २१ टक्के, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात हाती लागतो कमी. शहराच्या पश्चिमेला तोलुका सुमारे २,६६० मीटरवर, त्याच्या मागे नेवादो दे तोलुका हा ज्वालामुखी. नव्वदीच्या दशकातले बहुतेक मेक्सिकन मॅरेथॉनवाले याच पट्ट्यात घडले.

या उंचीचा वेगावर किती परिणाम होतो ते १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकने दाखवलं. १०,००० केनियाच्या नफ्ताली तेमूने २९:२७.४ मध्ये जिंकलं. तेव्हाचा विश्वविक्रम रॉन क्लार्कचा, २७:३९.४. फरक १०८ सेकंदांचा, साडेसहा टक्के. खुद्द क्लार्क सहावा आला आणि अंतिम रेषेपलीकडे कोसळला. त्याच शर्यतीत मेक्सिकोचा हुआन मार्तिनेस चौथा, आणि ५००० लाही चौथा. मेक्सिकोतली लांब पल्ल्याची रांग तिथून सुरू होते. त्या ऑलिंपिकच्या तयारीसाठी १९६६ मध्ये पोलंडहून आलेले प्रशिक्षक तादेउश केंपका पुढे तिथेच राहिले. मार्तिनेस, रोदोल्फो गोमेस आणि बारिओस या तिघांच्याही घडणीत त्यांचा हात आहे.

आपल्याकडच्या मापाने सांगायचं तर उटीची उंची मेक्सिको सिटीइतकीच, २,२४० मीटर. आणि बोल्डर साधारण १,६५५, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर (१,६४६) एक अख्खं शहर वसवल्यासारखं.

---

निवांत_टेम्पो

म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन उंचीचा फायदा मिळतो हे लोक म्हणतात ते कितपत खरं?

---

घाटमाथा_रनर

रक्तातल्या बदलापुरतं बोलाल तर फार नाही. महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. हिमोग्लोबिनचं एकूण वस्तुमान वाढायला साधारण २,००० मीटर किंवा त्याहून वर सलग राहावं लागतं. ढोबळ हिशेब: दर १०० तासांच्या मुक्कामाला सुमारे १ टक्का. तीन आठवडे म्हणजे ५०० तास, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास, तेही शरीरात लोह पुरेसं असेल तर. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आधीच तळाला असेल तर उंचीवर जाऊन फक्त थकवा मिळतो. जाण्याआधी महिनाभर तपासणी करून घ्यावी ती यासाठी. महाबळेश्वरला चढ मिळतात, थंडी मिळते, पावसाळा सोडला तर उत्तम सराव होतो. पण त्याला 'अल्टिट्यूड' म्हणू नये.

उंचीवर गेल्यावर नेहमी होणाऱ्या चुका:

पहिल्याच आठवड्यात सपाटीवरच्या नेहमीच्या वेगाने इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत वेगाचे तुकडे) मारणं. २,२०० मीटरवर किलोमीटरचे तुकडे तीन ते पाच टक्के हळू पडणार, ते पडू द्यायचे. ३:२० ने पळणाऱ्याने तिथे ३:२७-३:२८ धरावेत. विश्रांतीचा वेळ वाढवावा. पहिले चार-पाच दिवस फक्त हलकी धाव.

पाणी. हवा कोरडी असते, घाम जाणवत नाही, आणि नाकातोंडावाटे पाणी जातच राहतं.

आणि पाय मंदावणं. सगळाच सराव उंचीवर केला तर फेफडी तयार होतात, पण ६५ च्या फेरीची पावलं विसरतात, कारण तिथे ६५ ची फेरी सलग मारताच येत नाही. मेक्सिकन धावपटू म्हणूनच मधूनमधून खाली उतरून शर्यती खेळत आले. बारिओसने तळ हलवला तो बोल्डरला. तिथली उंची अधलीमधली, वेगाच्या सरावाला तोलुकाइतकी जड नाही.

---

किक_कुठाय

मग बोल्डरला गेल्यावर १९८९ आला, असं म्हणायचंय का?

---

घाटमाथा_रनर

नाही. उंचीवर जन्मलेल्या-वाढलेल्या माणसाच्या बाबतीत 'गेला आणि वेगवान झाला' असं सरळ समीकरण मांडता येत नाही. १९८६ मध्ये रस्त्यावर २७:४१ पळणारा माणूस ट्रॅकवर २७:०८ ला तीन वर्षांनी पोचला, इतकंच कागदावर दिसतं.

---

रस्ता_शर्यत

रस्त्याचं पान उघडतो, कारण त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध तिथेच गेला.

मॅरेथॉनमध्ये तो उशिरा आला. न्यूयॉर्क १९९३: तिसरा, २:१२:२१. तीच शर्यत आंद्रेस एस्पिनोसाने २:१०:०४ मध्ये जिंकली. एप्रिल १९९४, बोस्टन: पाचवा, २:०८:२८, किलोमीटरला ३:०२.७. नोव्हेंबर १९९४, न्यूयॉर्क: पुन्हा तिसरा, २:११:४३.

बोस्टनची वेळ जरा जपून वापरावी. तो मार्ग एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा. सुरुवात आणि शेवट यांत सरळ रेषेतलं अंतर विक्रमाच्या नियमातल्या, शर्यतीच्या अंतराच्या ५० टक्क्यांहून कितीतरी जास्त, उतार किलोमीटरला तीन मीटरहून अधिक, नियमाने चालतो एक मीटर. त्यात १९९४ ला वारा पाठीमागून होता. विजेता न्डेटी २:०७:१५, एस्पिनोसा २:०७:१९, पाचवा आलेला बारिओस २:०८:२८, असा सगळाच निकाल त्या वाऱ्यावर तरंगलेला आहे. न्यूयॉर्कच्या पूल-चढांवरच्या २:११-२:१२ माझ्या लेखी जास्त बोलक्या आहेत.

तासात २१.१ किमी पळणाऱ्याकडून मॅरेथॉनमध्ये याहून मोठं काही अपेक्षित होतं का? होतं. २:०८:२८ ला अर्ध्या अंतराच्या ६० मिनिटांनी भागलं तर गुणोत्तर येतं २.१४. त्या काळचे चांगले मॅरेथॉनपटू २.१०-२.१२ च्या आसपास असत. त्याची ताकद ६० मिनिटांपर्यंतची होती, दुसऱ्या तासात तो इतरांसारखाच माणूस होता.

---

शेवटची_फेरी

१९९४ चं न्यूयॉर्क म्हणजे 'राँग वे सिल्वा'! हेरमान सिल्वा आणि बेंहामिन पारेदेस बरोबरीने येत होते. एका मैलाहून कमी अंतर उरलेलं. सेंट्रल पार्क साउथवर सिल्वा पुढच्या गाडीच्या मागोमाग चुकीच्या ठिकाणी पार्कात वळला. पारेदेस सरळ गेला. सिल्वाच्या लक्षात आलं, मागे फिरला, तोवर पारेदेस बराच पुढे. त्याने तो पकडला आणि जिंकला, २:११:२१ विरुद्ध २:११:२३. दोन सेकंद. तिसरा बारिओस.

पहिले तिन्ही मेक्सिकन!

---

रस्ता_शर्यत

दुरुस्ती. जन्माने तिन्ही मेक्सिकन, पण बारिओसने सप्टेंबर १९९४ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं. त्यामुळे त्या नोव्हेंबरच्या निकालात त्याच्या नावापुढे अमेरिका येतं. 'मेक्सिकोचं १-२-३' असं लिहिणारे इथे घसरतात.

---

शेवटची_फेरी

मान्य, माझीच घसरगुंडी.

पण एकूण लाट बघा ना: न्यूयॉर्क १९९१ साल्वादोर गार्सिया, १९९३ एस्पिनोसा, १९९४ आणि १९९५ सिल्वा. पाच वर्षांत चार. फक्त १९९२ दक्षिण आफ्रिकेच्या विली म्टोलोचं. लंडन १९९४, ९५, ९६ सलग तीनदा दिओनिसिओ सेरोन, आणि १९९५ च्या गोथेनबर्ग जागतिक स्पर्धेत त्याचं रौप्य. त्याही आधी १९८२ च्या न्यूयॉर्कला रोदोल्फो गोमेस अल्बर्तो सालाझारच्या चार सेकंद मागे दुसरा. हाच गोमेस पुढे सिल्वाचा प्रशिक्षक.

या लाटेत ट्रॅकवरचा विश्वविक्रम मात्र एकट्या बारिओसकडे. बार्सिलोनाच्या १०,००० मध्ये तो पाचवा आणि सिल्वा सहावा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या शर्यतीत सगळ्यांचे डोळे पुढे स्काह-चेलिमो या पहिल्या दोघांवर आणि फेरीने मागे पडलेल्या हम्मू बुतायेबच्या तमाशावर होते.

---

नवे_स्पाइक्स

आजच्या तुलनेत विचारतो, राग मानू नका. आपल्या गुलवीर सिंगने २०२५ मध्ये अमेरिकेत १०,००० मीटर २७:००.२२ मध्ये काढले. म्हणजे बारिओसच्या विश्वविक्रमापेक्षा ८ सेकंद वेगाने. मग बारिओस एवढा मोठा कसा?

---

कर्बलगत

रागाचं काही नाही, चांगला प्रश्न आहे. ८.०१ सेकंद म्हणजे फेरीला ३२ शतांश. गुलवीर रेषेवर असताना १९८९ चा बारिओस साधारण ४९ मीटर मागे असता.

पण पायात काय होतं ते बघा. १९८९ चा स्पाइक म्हणजे पातळ तळ, खिळे, बस्स. आजच्या स्पाइक्समध्ये फोमचा थर आणि ताठ प्लेट. पिंडरी २० व्या फेरीलाही ताजी राहते. वर आता मोठ्या मीटमध्ये कर्बलगत दिव्यांची माळ ठरलेल्या वेगाने पळते. फेरी ६४.८ हवी तर दिवा बरोबर ६४.८ ने फिरतो. बारिओसला पेसर थकले की स्वतःच्या अंदाजावर पळायचं होतं.

बूट आणि दिवे मिळून नेमके किती सेकंद देतात यावर पैजा लावू नका, माणसागणिक फरक पडतो. गुलवीरची धाव अस्सल आहे आणि भारतासाठी प्रचंड मोठी आहे, कारण २००८ पासून सुरेंदर सिंगच्या २८:०२.८९ वर आपण अडकून बसलो होतो. पण त्या दिवशी जगात २७:०० च्या खाली पळणारे कितीतरी होते. १८ ऑगस्ट १९८९ ला २७:०८ पळालेला माणूस जगात एकच होता.

---

देशावरचा

आणखी एक माप, मराठी माणसासाठी. बीडच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीला हाफ मॅरेथॉन ६०:३० मध्ये केली. त्या वेगाने एका तासात अंतर भरतं सुमारे २०,९२३ मीटर. ला फ्लेशच्या बारिओसपेक्षा १७८ मीटर मागे, आणि हर्मन्सच्या १९७६ च्या आकड्याच्या अगदी जवळ. स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) पळणाऱ्या माणसाने रस्त्यावर हे केलं याचं कौतुक वेगळं.

---

निवांत_टेम्पो

शेवटचा प्रश्न, मोजपट्टींना. क्लबच्या पातळीवर तासाची शर्यत घ्यायची तर काय लागतं? ४०० मीटरचा सिंथेटिक ट्रॅक मिळतोय, धावपटू १२-१५.

---

मोजपट्टी

१५ जास्त होतील. १० वर थांबा, नाहीतर पहिल्या लेनमध्ये ओलांडाओलांडी सुरू होते आणि सगळ्यांचेच मीटर जातात. वेगात फार तफावत असेल तर दोन गट करा.

प्रत्येक धावपटूला एक मोजणारा. त्याच्या कागदावर ५५ चौकोन, प्रत्येकात फेरी संपल्याची चालू वेळ लिहायची, नुसती टिक नाही. टिक केली आणि एक हुकली तर शोधायला मार्ग नसतो. वेळ लिहिली असेल तर ९० च्या फेऱ्यांत मध्येच १८० चा खड्डा दिसतो आणि चूक जागच्या जागी सापडते. मोजणाऱ्याला दुसरं काम देऊ नका, पाणी वाटायलाही नाही.

खुणेसाठी धावपटूच्या नंबराची लहान वाळूची पिशवी. खडू नको, घाईत रेघ ओढेपर्यंत धावपटू दोन मीटर पुढे असतो. ५९ व्या मिनिटाच्या इशाऱ्यावर मोजणाऱ्याने पिशवी घेऊन मैदानाच्या आतल्या बाजूने आपल्या धावपटूला गाठायचं. दुसऱ्या इशाऱ्याला तो जिथे असेल तिथे पिशवी. इशारा शिट्टीचा नको, ट्रॅकच्या पलीकडच्या वळणावर ऐकू जात नाही. पिस्तूल नसेल तर मोठा भोंगा.

मोजमापाला स्टीलची टेप, कापडी ताणते. ट्रॅकवरच्या जवळच्या पक्क्या खुणेपासून, म्हणजे १००, २०० किंवा ३०० च्या रेषेपासून पिशवीपर्यंत, कर्बपासून ३० सेंटिमीटर बाहेर राहून मोजा. उंच कर्ब नसेल, नुसती पांढरी रेघ असेल, तर रेघेपासून २० सेंटिमीटर. वळणावर टेप सरळ ताणली की अंतर कमी भरतं, म्हणून मीटर-मीटरने वळवत न्या.

वेगाचा तक्ता आधीच हातात द्या. १४ किमीचं लक्ष्य असेल तर फेरी १०२.९ सेकंद. पहिल्या पाच फेऱ्या ९८ ने गेलेला हमखास ३५ व्या फेरीला ११० वर येतो. उन्हाळ्यात सुरुवात साडेपाचला, सात वाजता ट्रॅक तापायला लागतो. पाण्याचं टेबल बाहेरच्या लेनमध्ये सरळ पट्ट्याच्या शेवटी, वळणावर नाही.

---

किक_कुठाय

१४ किमी म्हणजे ३५ फेऱ्या. मग ३५ व्या फेरीला ११० वर आला तर तो १४ ला पोचणारच नाही.

---

मोजपट्टी

नाहीच पोचत. २५ व्या पासून लिहायला हवं होतं.